सहावा नट

घाटातल्या वरच्या वळणावर मागचं डावं टायर फुटलं. आवाज फार मोठा झाला नाही. गाडी एका अंगाला कलली, स्टिअरिंग हातात जड झालं, आणि मी ती हळूहळू डोंगराच्या कडेला घेऊन उभी केली. मग आरशात पाहिलं. मागे बसलेल्या बाईंनी दोन्ही हातांनी नवऱ्याची छाती धरली होती. गाडी कलताना तो घसरू नये म्हणून.

मी तेव्हा नगरमधल्या एका धर्मादाय मंडळाची शववाहिका चालवत होतो. त्याआधी बरीच वर्षं गॅरेजात गेली होती. पाठ धरायला लागली, तेव्हा कुणीतरी या कामावर चिकटवलं. गाडी म्हणजे एक जुनी रुग्णवाहिका. मधोमध स्ट्रेचर, त्याखाली बर्फाचा पत्र्याचा ट्रे, बाजूला नातेवाइकांसाठी एक बाकडं. ट्रेला एका कोपऱ्यात भोक होतं आणि बर्फाचं पाणी तिथून थेट मागच्या डाव्या चाकावर ठिबकायचं. मी कितीदा सांगितलं होतं मंडळाला. बघू म्हणायचे.

त्या दिवशी गाडीत धामणदऱ्याचे एकनाथ होते. गावच्या शाळेत शिपाई. पन्नाशीही धड ओलांडली नव्हती. नगरच्या दवाखान्यात बरेच दिवस पडून होते आणि पहाटे गेले. सोबत तिघं. त्यांची बायको गयाबाई, थोरले भाऊ सोपान अण्णा आणि अण्णांचा मुलगा बबन. एकनाथांना मुलगा नव्हता, म्हणून अग्नी बबनच देणार होता. तो पुढे माझ्या शेजारी बसला होता.

दवाखान्यातून निघतानाच मला कळलं होतं की या घरात काहीतरी अडकलेलं आहे. मी मागचं दार लावत होतो, तेव्हा गयाबाई दिराकडे न बघता, पदराआडून म्हणाल्या, "उज्ज्वला पुण्याहून निघाली आहे. ती येईपर्यंत तरी..."

"तिच्यासाठी थांबायचं नाही," अण्णा म्हणाले. "ती गेली तेव्हाच गेली."

आणि ते गाडीत चढून बसले. उंच, वाळलेला माणूस. पांढऱ्या मिशा, डोक्याला टोपी, बोलणं मोजकं.

बाकीचं बबनने वाटेत सांगितलं. उज्ज्वला एकनाथांची एकुलती एक मुलगी. पुण्यात नर्सिंग शिकायला गेली आणि तिथे परजातीतल्या मुलाशी लग्न करून बसली. गावाने एकनाथांचं घर वाळीत टाकलं. लग्नाला बोलावणं नाही, मयतीला खांदा नाही, दळणाच्या गिरणीतसुद्धा दळून देईनात. शेवटी अण्णा चार लोकांत उभे राहिले आणि आमची पोरगी मेली असं बोलून त्यांनी भावाला परत पंगतीत बसवलं. आता ती आली तर सगळं पुन्हा उघडणार. म्हणून वेशीवर पोरं उभी केली होती. ती दिसली की तिथूनच परत पाठवायची.

बबन हे रागाने सांगत नव्हता. पुढे रस्ता खराब आहे, असं सांगावं तसं सांगत होता. मी नुसतं हं हं करत होतो. या कामात मी एक शिकलो होतो, मयताच्या गाडीत ड्रायव्हरने कान उघडे ठेवावेत पण तोंड उघडू नये.

तर टायर फुटलं. मी उतरलो, स्टेपनी खाली घेतली, जॅक काढला. अण्णाही उतरले. चाकाकडे एक नजर टाकून म्हणाले, "आधी नट सैल कर. जॅक मग लाव."

मला ते ठाऊक होतंच, पण त्यांच्या बोलण्यावरून समजलं की माणूस जाणकार आहे. बबन म्हणाला, अण्णांनी उभी हयात ट्रकवर काढली, पार कलकत्त्यापर्यंत जाऊन आलेले आहेत.

चाकाला सहा नट. पाच सुटले. कुरकुरत, पण सुटले. सहावा मात्र हलेना. ट्रेच्या भोकाच्या बरोबर खाली येणारा तो नट. पाण्याने गंजून लालभडक झालेला, खपल्या धरलेला. नट कुठला आणि तो ज्यावर बसतो तो स्टड कुठला ते कळत नव्हतं, दोन्ही मिळून एकच लोखंड झालं होतं. मी पाना लावून पूर्ण जोर दिला. बबन मदतीला आला आणि पान्याच्या दांड्यावर पाय देऊन उभा राहिला. पाना सटकला, बबनची नडगी सोलवटली, आणि नटाच्या कडा थोड्या गोल झाल्या.

"अशानं कडा जातील," अण्णा म्हणाले. "मग काहीच धरता येणार नाही."

ते खरं होतं. जाम झालेल्या नटाशी भांडून चालत नाही. मी तारेच्या ब्रशने आट्यांवरचा गंज घासून काढला. बाटलीत थोडं डिझेल घेतलं, चिंधी भिजवली आणि नटाच्या मुळाशी पिळली. मग हातोडीने त्याच्या सहाही बाजूंवर हलके ठोके दिले. जोरात नाही. ठोक्यांनी गंजाला बारीक तडे जातात आणि तेल आत उतरतं. त्यात मुख्य काम वेळेचं असतं. डिझेल ओतायचं, ठोकायचं आणि थांबायचं.

थांबणं त्या दिवशी सोपं नव्हतं. वैशाखातलं ऊन. घाटाच्या त्या बाजूला एक झाड नाही. गाडीचा पत्रा हात लावू देत नव्हता. ट्रेमधून पाण्याची धार लागली होती, गाडीखालून निघून डांबरावरून उताराने चालली होती. माझं अर्धं लक्ष नटाकडे आणि अर्धं त्या पाण्याकडे. पाणी थांबलं की बर्फ संपला.

बबन मोबाइलला रेंज मिळते का बघत रस्त्याने वर निघून गेला. गावात लाकडं रचून झाली होती, लोक खोळंबले होते. अण्णा पलीकडच्या कठड्यावर उन्हात जाऊन बसले. मी पुन्हा डिझेल सोडत होतो, तेवढ्यात गयाबाई तांब्या घेऊन खाली उतरल्या. माझ्या हातावर पाणी घातलं. मी प्यालो. त्या उठल्या नाहीत. चाकाशेजारी, गाडीच्या हातभर सावलीत बसून राहिल्या.

"दादा, निघेल का हे?"

"निघेल ताई. थोडा वेळ लागेल."

त्यांनी कठड्याकडे पाहिलं. अण्णांची पाठ होती. मग अगदी खालच्या आवाजात त्या म्हणाल्या, "नाही निघालं तर बरं होईल."

मी हात थांबवला.

त्यांनी सांगितलं ते असं. पहाटे माणूस गेल्यावर त्यांनी दवाखान्याच्या दारातल्या फोनवरून मुलीला कळवलं. ती आणि तिचा नवरा मोटारसायकलवर उजाडताच निघाले. येणार याच रस्त्याने, दुसरा रस्ताच नाही. गावात तिला पाऊल टाकू देणार नाहीत. दवाखान्यातही अण्णा असल्यामुळे इतके दिवस तिला येता आलं नाही. बाप मुलीला तीन वर्षं भेटलेला नव्हता.

"गावात गेलं की सगळं लोकांच्या हातात," गयाबाई म्हणाल्या. "इथे रस्ता आहे. रस्ता कुणाच्या मालकीचा नसतो."

मी पुन्हा ठोके द्यायला लागलो. नट खरोखरच अडकलेला होता. तो माझ्या हातात असता तर प्रश्न होता.

थोड्या वेळाने मी पाना पुन्हा लावला आणि त्याला पाइप चढवला. पाइप लांब असला की कमी जोरात जास्त काम होतं. पण नुसतं सोडवायच्या दिशेने रेटत बसायचं नसतं. आधी उलटं, म्हणजे आवळायच्या बाजूला किंचित दाबायचं. केसभर. तेवढ्याने गंजाची पकड मोडते. मग सोडवायचं. मी आवळायच्या बाजूला दाबलं आणि मग दोन्ही हातांनी दम धरून उलट ओढलं.

कर्र असा कोरडा आवाज झाला. पाइप माझ्या हातात वीतभर खाली आला.

नट सुटला होता.

हे मनगटाला कळतं, डोळ्यांनी बघावं लागत नाही. मी मान वर केली. गयाबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी आवाज ऐकला होता. त्या मला काही म्हणाल्या नाहीत, हात जोडले नाहीत, डोळ्यांत पाणीही आणलं नाही. नुसत्या बघत होत्या. ज्यांच्याजवळ मागण्यासारखं काही उरलेलं नाही, ती माणसं अशी बघतात.

मी वर रस्त्याकडे पाहिलं, बबन लांब होता. अण्णांची पाठ तशीच होती. मी पाइप उलटा वळवला आणि नट परत आवळला. चांगला, सगळ्या अंगाचा भार टाकून.

"अजून घट्टच आहे, ताई," मी म्हणालो. "वेळ लागेल."

त्या उठल्या आणि गाडीत जाऊन नवऱ्याशेजारी बसल्या.

मग मी काम करत राहिलो. डिझेल, ठोके, ब्रश. बबन परत आला तेव्हा मी नटावर ठोकतच होतो. त्याने विचारलं, चिंधी पेटवून नट तापवला तर? मी म्हणालो, डिझेलची टाकी शेजारीच आहे. त्याने विचारलं, छिन्नीने फोडला तर? मी म्हणालो, स्टड तुटला तर चाक कशावर बसवायचं? दोन्ही उत्तरं खरी होती. खोटं बोलायची गरज फार पडली नाही. पण मी काय करतोय ते मला माहीत होतं. मागे एक मयत उन्हात तापत होतं आणि मी हातोडीने नाटक करत होतो. घरच्यांनी मंडळाकडे तक्रार केली असती तर माझी नोकरी गेली असती, आणि कुणी त्यांना चूक म्हटलं नसतं.

बबनची घालमेल वाढत होती. शेवटी खालून कांद्याचा एक टेम्पो आला, त्याला त्याने हात केला. टेम्पो अर्धा रिकामा होता. बबनने ड्रायव्हरला सगळं सांगितलं. तो बिचारा तयार झाला. गोण्या एका बाजूला सारू, ताडपत्री अंथरू, नेऊ, म्हणाला. बबन कठड्यापाशी गेला आणि अण्णांना म्हणाला की काकाला यात घालू, तासाभरात गावात पोचू, ही गाडी मागाहून येईल तेव्हा येईल.

माझ्याजवळ आता काही उपाय नव्हता. नट काढून द्यावा तरी ते निघणार, नाही काढला तरी टेम्पोतून जाणार. गयाबाई बाकड्यावरून उठून दारात आल्या होत्या. त्यांनी गाडीचा दांडा घट्ट धरला होता.

अण्णा उठले. सावकाश चालत माझ्याकडे आले.

"बघू," म्हणाले, "मला दे."

मी पाना हातातून सोडला नाही. म्हणालो, अण्णा, तुम्ही कशाला, हात खराब होतील. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "या हातांनी किती चाकं खोललीत, तुला काय ठाऊक."

पाना द्यावा लागला. ते उकिडवे बसले. धोतराचा सोगा वर खोचला. आधी नुसतं बोट फिरवून त्यांनी नटाच्या मुळाशी चाचपलं. तिथला गंज फुटला होता आणि आत स्वच्छ, चकचकीत लोखंडाची एक रेघ दिसत होती. माझ्या ते आधी लक्षात आलं नव्हतं. जाणत्या माणसाला तेवढी रेघ पुरे. त्यांनी पाना बसवला, पाइप चढवला, अंग मागे टाकलं आणि ओढलं.

नट फिरला. पाव फेरा, स्पष्ट. मी त्यांच्या अगदी शेजारी होतो, मला दिसलं.

अण्णांचे हात थांबले. त्यांनी मान फिरवून माझ्याकडे पाहिलं. मग माझ्यामागे, दारात उभ्या असलेल्या गयाबाईंकडे. मग खाली रस्त्याकडे, जिकडून आम्ही आलो होतो तिकडे. मी मनातल्या मनात नोकरी सोडून दिली होती.

त्यांनी पाइप उलट दिशेला घेतला. आणि मी जे केलं होतं तेच केलं. नट आवळला. मी आवळला होता त्याहून घट्ट.

"नाही निघत," ते उठत बबनला म्हणाले.

"मग टेम्पोत घेऊ ना अण्णा."

"मी माझ्या भावाला कांद्याच्या गोण्यांवर टाकून गावात नेणार नाही. निघेल नट. तेल मुरू दे."

बबन काहीतरी बोलणार होता. अण्णांनी त्याला बोलू दिलं नाही. बर्फ वितळत चालला आहे, हे त्याला दाखवलं. घाट उतरला की पलीकडच्या फाट्यावर उसाच्या रसाची दुकानं आहेत, तिथे बर्फ मिळेल. या टेम्पोत बसून जा, पोत्यात बांधून घे आणि मिळेल त्या जीपने परत ये. गावालाही तिथून फोन लागेल, उशीर होतोय म्हणून कळव. बबनला ते पटलं. तो टेम्पोत बसून पुढे गेला.

टेम्पो वळणाआड गेल्यावर अण्णा पुन्हा कठड्यावर जाऊन बसले. या वेळी त्यांनी रस्त्याकडे तोंड केलं होतं.

मी हातोडी खाली ठेवून दिली. आता कुणासाठी ठोकायचं होतं? मी बादलीने उरलेलं पाणी गाडीच्या टपावर मारत राहिलो, पत्रा जरा निवावा म्हणून. गयाबाई आत वर्तमानपत्राने वारा घालत होत्या. घाटातून गाड्या जात होत्या. काही जण वेग कमी करून हात जोडायचे. ट्रेखालची धार बारीक झाली, मग थेंब थेंब पडू लागले.

मोटारसायकल दिसली तेव्हा आधी अण्णा उठले. त्यांनी एकवार नीट बघून घेतलं, आणि मग रस्त्याकडे पाठ करून दरीकडे तोंड करून उभे राहिले. कठड्यावर दोन्ही हात टेकले.

मोटारसायकल आमच्या पुढे येऊन थांबली. गाडीवर मंडळाचं नाव होतं, त्यावरून ओळखलं असावं. मागे बसलेल्या मुलीने तोंडावरची ओढणी सोडली. बारीक अंगाची, सावळी, केस धुळीने पांढरे झालेले. ती धावत आली नाही. शववाहिकेच्या दारापाशी येऊन उभी राहिली आणि तिचा पायच उचलेना. आईने वरून हात दिला, तेव्हा चढली. नवरा मोटारसायकलजवळच थांबला. हेल्मेट काढून हातात धरलं.

मी बाजूला झालो, पण दार उघडं होतं आणि आतलं ऐकू येत होतं. मला वाटलं होतं हंबरडा ऐकू येईल. तसं काही झालं नाही. मग मुलीने विचारलं, "मिशी कुणी काढली?"

"नळी लावायची होती नाकात," आई म्हणाली. "चिकटपट्टी बसत नव्हती."

"मिशीशिवाय बाबा वेगळेच दिसतात."

"हो ना."

ओढणीच्या टोकाने तिने बापाच्या कपाळावरचं पाणी टिपलं. मग ती त्यांच्याशी बोलायला लागली. काय बोलत होती ते मी ऐकलं नाही, मी पुढे जाऊन बॉनेटपाशी उभा राहिलो. तिच्या नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याला तांब्यातलं पाणी दिलं. त्याने दोन घोट घेतले आणि उरलेलं बायकोसाठी ठेवलं.

अण्णा हलले नव्हते. थोड्या वेळाने ते, दरीकडेच बघत, मोठ्याने म्हणाले, "ड्रायव्हर, नटाचं काय झालं?"

"होईल आता, अण्णा."

"मग घे काढून. बबन येईल."

मी पाना लावला. नट सुटला, हाताने फिरवून काढला, जॅक लावून चाक उतरवलं, स्टेपनी चढवली. मी जॅक खाली घेत होतो तेव्हा मायलेकी उतरल्या. मुलीने आत वाकून बापाच्या पायांवर डोकं ठेवलेलं असावं, तिच्या केसांना बर्फाचं पाणी लागलेलं होतं.

"गयाबाई," अण्णा तसेच पाठमोरे म्हणाले, "तिला सांगा, इथूनच मागे फिरायचं. वेशीवर पोरं आहेत. तिथे मला कुणाला आवरता येणार नाही."

मुलगी तिथेच उभी होती, सगळं ऐकत होती. तिने वाद घातला नाही. रस्ता ओलांडून ती कठड्यापाशी गेली आणि अण्णांच्या मागे, त्यांच्या टाचांपाशी वाकून तिने डांबराला हात लावला आणि तो कपाळाला लावला. अण्णा वळले नाहीत. ती परत फिरली, आईला एकदा मिठी मारली आणि मोटारसायकलवर बसली.

मोटारसायकल सुरू झाली तेव्हा अण्णा पुन्हा बोलले.

"त्याला सांगा, उतारावर सावकाश चालव म्हणावं."

मोटारसायकल वळणाआड गेल्यावर बऱ्याच वेळाने बबन एका जीपमधून उतरला, खांद्यावर गोणपाटात बांधलेला बर्फ. नट निघालेला पाहून त्याला हायसं वाटलं. आम्ही दोघांनी मिळून बर्फ ट्रेमध्ये भरला. त्याने काकूच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग बापाकडे पाहिलं, आणि काही विचारलं नाही. त्याला काय कळलं आणि काय नाही, मला सांगता येणार नाही.

वेशीवर खरोखरच पोरं उभी होती. मोटारसायकली आडव्या लावल्या होत्या. आमची गाडी ओळखून त्यांनी वाट करून दिली. एकाने खिडकीतून आत डोकावून किती जण आहेत ते मोजलं. अण्णा समोर बघत बसून राहिले.

पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं. घराच्या दारात अंघोळ, मग स्मशान. गाव झाडून आलं होतं. बबनने मडकं धरलं, अग्नी दिला. गयाबाई बायकांबरोबर घरीच राहिल्या. मला खरं तर निघायला हरकत नव्हती, पण जेवल्याशिवाय जाऊ नका असं कुणीतरी म्हणालं होतं, म्हणून मी ओढ्याच्या अलीकडे गाडी धूत थांबलो होतो.

चिता पेटल्यावर अण्णा गर्दीतून निघाले आणि माझ्याकडे आले. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांनी टोपी काढली होती. विचारलं, "नाव काय तुझं?"

"शिवदास गाडेकर."

त्यांनी मान हलवली. मी फडकं पिळत राहिलो. मला वाटलं, आता ते माझी कानउघाडणी करणार. मयताला उन्हात ठेवलं म्हणून. किंवा मग झालं ते कुणाजवळ बोलू नकोस म्हणणार. मी दोन्हींची तयारी ठेवली होती.

"परवा संध्याकाळी एकनाथ शुद्धीवर होता," ते म्हणाले. "मला म्हणाला, अण्णा, उज्जीला बोलाव. एकदाच. मी म्हणालो, तू आधी बरा हो, मग बघू."

चितेकडून लाकूड फुटल्याचा आवाज आला. त्यांनी तिकडे पाहिलं नाही.

"तो बरा होणार नाही हे डॉक्टरांनी मला त्या दिवशी सकाळीच सांगितलं होतं."

हातातली टोपी त्यांनी एकदा झटकली आणि डोक्यावर घातली.

तेवढ्यात गावातला एक वयस्कर माणूस आमच्याकडे आला. चार लोकांत ज्याचा शब्द चालत असावा असा. त्याने अण्णांच्या पाठीवर हात ठेवला, भाऊ चांगला होता म्हणाला, आणि मग सहज विचारावं तसं विचारलं की वाटेत फार खोळंबा झाला म्हणे, एवढा वेळ कशाने लागला. विचारताना त्याची नजर अण्णांवरून माझ्यावर आणि माझ्यावरून पुन्हा अण्णांवर फिरत होती.

"नट जाम झाला होता," अण्णा म्हणाले. "निघतच नव्हता. मी स्वतः पाना लावून पाहिला."